पोचा पडलेलं निळं दार

मी आधीच सांगून टाकते, दार बदलायचं खूळ माझंच. वेइको गावभर सांगत फिरतो की दुकानातल्या मार्लिसनं मला भरीला घातलं. काहीतरीच! एक्काहत्तर वर्षांत मला भरीला घालणं कुणाला जमलेलं नाही, मार्लिसला काय जमणार? आता हसता येतंय म्हणून सांगते. तेव्हा नव्हतं हसू येत.

वेइको म्हणजे माझा धाकटा दीर. रस्त्याच्या पुढच्या वळणावर राहतो, सुतारकाम करतो आणि कामापेक्षा तोंड जास्त चालवतो. आणि दार म्हणजे आमचं मागचं दार. तसं घराला पुढचंही दार आहे, पण त्यातून आत येतो तो फक्त नवा आलेला पाद्री, तोही एकदाच. पुढच्या अंगाला पाच महिने कमरेइतका बर्फ असतो आणि तो उपसायच्या भानगडीत आमच्याकडे कुणी पडत नाही. सगळं येणंजाणं मागून.

ज्या वर्षी लोखंडाची खाण आठ महिने बंद पडली, त्या वर्षी आर्वोनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, रिकामं बसवेना म्हणून हे स्टीलचं दार बसवलं. होडीला लावून उरलेला निळा रंग त्याला फासला.

"हे घराला लावणार आहेस की तळ्यात सोडणार आहेस?" मी विचारलं.

"गळलं नाही म्हणजे झालं," म्हणाला. जास्त बोलणाऱ्यातला नाहीच तो. घराण्यातलं सगळं बोलणं वेइकोच्या वाट्याला गेलंय.

पुढे तीनेक वर्षांनी करीननं, आमच्या लेकीनं, सोळाव्या वर्षी बर्फावर पळणारी स्नोमोबील थेट त्या दारावर आणून आदळली. दाराच्या मधोमध वाडग्याएवढा पोचा पडला. मी तिला अशी झापली की पोरगी आठवडाभर माझ्यासमोर मान वर करत नव्हती. आर्वोनं मात्र तो पोचा कधी काढलाच नाही. उलट त्याला सवयच लागली. बाहेरून आला की त्या पोच्यात मुठीनं दोनदा ठोकायचं. ठण, ठण. हातमोज्यावरचा बर्फ झडायचा आणि आत मला कळायचं, आला. मग दार उघडून, "हेल्वी, कॉफी आहे का?" तेहतीस वर्षं हेच. आमच्या घरात कॉफी नाही असं एकदाही झालेलं नाही, तरी विचारायचंच.

तीन वर्षांपूर्वी त्याची आठवण उसवायला लागली. आधी नावं गेली, मग तारखा, मग वेइकोच्या बायकोचं नाव, जे जाण्यानं फारसं बिघडलं नाही. पण गेल्या जानेवारीत तो सपाता घालून तळ्याच्या रस्त्यानं चालत निघाला. टपाल वाटणाऱ्या बाईला दीड मैलावर सापडला. डाव्या पायाची दोन बोटं डॉक्टरांना काढावी लागली. इस्पितळात करीन मला व्हरांड्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "आई, आणखी एकदा असं झालं तर बाबा डुलूथला. माझ्या घरापासून दोन चौकांवर अशा माणसांना सांभाळणारी चांगली संस्था आहे, मी बघून आलेय. तू नाही म्हणायचं नाही. वचन दे."

मी दिलं. काय करणार? ती चुकीचं थोडंच बोलत होती? पण सांगते, पन्नास वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपले, त्याला असं एका खोलीत ठेवून आपण मोटारीत बसून घरी यायचं, हे मला जमणारं नव्हतं. तेव्हापासून मी त्याच्यावर घारीसारखी नजर ठेवली. पुन्हा ते 'एकदा' होऊ द्यायचं नव्हतं. माझं सगळं आयुष्य त्या एका शब्दावर येऊन बसलं होतं.

आणि नेमकं पुढच्या हिवाळ्याच्या तोंडाला दारानं दगा द्यायला सुरुवात केली. बाहेर उणे पंचवीस झालं की आतल्या बाजूनं कडीभोवती, बिजागऱ्यांभोवती बोटबोट जाड हिम धरायचं. दुपारी चूल पेटली की ते वितळून उंबरठ्यावर उतरायचं आणि संध्याकाळी तिथंच गोठायचं. मग दार धड लागायचं नाही. खटका चौकटीत बसायचाच नाही. एके सकाळी खाली आले तर दार सताड उघडं, बुटांच्या खोलीत वीतभर बर्फ. धावत वर गेले. आर्वो घोरत होता. देवा! तिथंच पलंगाच्या कडेवर बसले आणि ठरवलं, हे दार जाणार.

शनिवारी वेइकोच्या गाडीतून दुकानात गेलो. मार्लिस माझी चर्चमधली मैत्रीण, दारंखिडक्या विकून तिचे केस पांढरे झालेत.

"स्टीलच घे," वेइको आत शिरता शिरताच म्हणाला. "आमच्या बापानं लोखंड काढलं, भावानं काढलं, मी काढलं. आता प्लास्टिकचं दार लावायचं? लोक थुंकतील."

"प्लास्टिक नाही रे बाबा, फायबरग्लास," मार्लिस म्हणाली. "आणि तू दोन वर्षं खाणीत होतास, त्यातलं दीड वर्ष पाठ दुखते म्हणून घरी."

"पाठ खरंच दुखत होती!"

"हेल्वी, तू याच्याकडे लक्ष देऊ नकोस. इकडे ये. हात लाव." तिनं बाहेरच्या भिंतीत बसवलेली दोन दारं दाखवली, एक स्टीलचं, एक फायबरचं. स्टीलच्या दाराच्या कडेला हात लावला तर बोटं चिकटतात की काय असं वाटलं. फायबरचं दार गार होतं, पण माणसाला सोसेल इतपत गार. "पोटात दोन्हीकडे फोमच असतो," ती म्हणाली. "पण स्टीलचा पत्रा थंडी कडेकडेनं आत आणतो. फायबर आणत नाही. हिम धरणार नाही, गंजणार नाही, पोचा पडणार नाही. खटका कायम बसेल."

"पोचा पडत नाही, पण चिरतं," वेइको म्हणाला. "उणे चाळीसला कुऱ्हाडीचा दांडा लागू दे, मग बघ. आणि स्टीलला चुंबकाची पट्टी लागते, फ्रिजसारखी. फायबरला लागेल का चुंबक? लाव बघू!"

"तुझ्या घरचं दार कसलं आहे रे?" मी विचारलं.

तो जरा घुटमळला. "लाकडाचं."

मार्लिस इतकी हसली की तिला चष्मा काढून पुसावा लागला. मी फायबरचं घेतलं. ओकच्या लाकडासारखं दिसणारं, तपकिरी, रेघारेघांचं, दुकानातलं सगळ्यात महागडं. खटका कायम बसेल, एवढं एकच वाक्य मी ऐकलं होतं.

वेइकोनं ते चौकटीसकट बसवलं. कुरकुरत बसवलं, पण बसवलं नीट. आर्वो शेजारी उभा राहून त्याच्या हातात स्क्रू देत होता, एकेक मोजून. काम झाल्यावर मी म्हटलं, "जा, बाहेर जाऊन आत ये बघू." तो बाहेर गेला. दार लावून घेतलं. मग दोनदा ठोकलं. ढब, ढब. ठण नाही. बराच वेळ दार उघडलंच नाही. मी उघडलं तर आर्वो आपल्या मुठीकडे बघत उभा, जणू मुठीतच काहीतरी बिघडलंय.

"कोण राहतं इथं?" त्यानं विचारलं.

"तुझी बायको राहते. ये आत, कॉफी झालीय."

तो आत आला. मी ती गोष्ट हसण्यावारी नेली. तिथंच कळायला हवं होतं मला, पण नाही कळलं. खटका बसत होता ना! त्या खटक्याच्या आनंदात मी आंधळी झाले होते.

राहिलं जुनं दार. आमच्याकडे कुणी काही फेकत नाही. माझ्या सासूबाईंच्या वाकलेल्या खिळ्यांचा डबा अजून तळघरात आहे. तळ्याच्या काठाला आमची सौना आहे, म्हणजे वाफेच्या अंघोळीची झोपडी, गावात घरोघरी शनिवारी पेटते तशी, आर्वोच्या वडिलांनी ओंडक्यांनी बांधलेली. तिच्या बाहेरच्या खोलीचं, जिथं कपडे काढून ठेवतात त्या खोलीचं, फळ्यांचं दार खालून कुजलं होतं. वेइकोनं ते काढलं आणि निळं दार तिथं ठोकून दिलं. पोच्यासकट.

"सौनेला पत्र्याचं दार!" मी म्हटलं. "कुणाचं ढुंगण भाजलं तर?"

"दाराला ढुंगण लावून कोण बसतं?" वेइको म्हणाला.

त्याला दोन आठवडे झाले असतील. डिसेंबरचा शनिवार. करीन सुट्टीला यायची होती. मी वेलचीचा गोड पाव भट्टीत टाकला होता. बाहेर उणे तीस, ऊन कडकडीत, आकाश इतकं निळं की डोळे दुखावेत. वेइको सकाळी येऊन वाटा मोकळ्या करून गेला होता, घरापासून गाडीपर्यंत, गाडीपासून रस्त्यापर्यंत आणि सौनेपर्यंत.

दुपारी दोनच्या सुमारास आर्वो लाकडं आणायला बाहेर पडला. रोज जातो. लाकडांची रास दारापासून दहा पावलांवर आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असते. टोपी, कोट, बूट मी स्वतः चढवले होते. तेवढं काम त्याच्याकडून मी काढून घेणार नव्हते, करीन काही म्हणो.

फोन वाजला. करीनच होती. पेट्रोल पंपावर थांबलेय, वीस मिनिटांत पोचते, काही आणू का? मी म्हटलं काही नको. ती म्हणाली, दूध? मी म्हटलं, नको गं. ती म्हणाली, बघ हं. मी म्हटलं, बरं, आणायचंच असेल तर आण. आमच्याकडे इतक्या वेळा नको म्हटल्याशिवाय हो म्हणत नाहीत. दोन मिनिटं गेली असतील त्यात. तीन म्हणा. वळून खिडकीतून पाहिलं तर लाकडांच्या राशीपाशी कुणी नाही.

मला वाटलं, आला दारापाशी. मी दार उघडलं. पायरीवर लाकडं नीट रचून ठेवलेली होती, पाच ओंडके. आणि ताज्या भुरभुरीत बर्फात बुटांचे ठसे. ठसे दारापर्यंत आले होते. उंबऱ्याला टेकून दोन्ही पाय शेजारी शेजारी उभे राहिले होते. मग ते वळून परत गेले होते.

तो दारापर्यंत आला होता हो! माझ्या पाठीमागे, मी दुधाचं बोलत असताना, तो दारात उभा होता. ठोकलंही असेल. ढब, ढब. त्या फायबरच्या दाराचा आवाज मला फोनवर कसा ऐकू येणार? आणि त्यालाही तो आपला वाटला नाही. त्यानं लाकडं ठेवली आणि चुकीच्या घराशी आलो असं समजून सभ्य माणसासारखा निघून गेला.

ठसे मोकळ्या केलेल्या वाटेपर्यंत गेले आणि तिथं संपले. फावड्यानं खरवडलेल्या बर्फावर कशाचा ठसा उमटणार? मी कोट न घालताच रस्त्यापर्यंत पळाले. "आर्वो! आर्वो!" दोन्हीकडे सरळ पांढरा रस्ता, चिटपाखरू नाही. घरी येऊन वेइकोला फोन केला, मग पोलिसांना. वेइको गाडी घेऊन तळ्याच्या रस्त्याला लागला, गेल्या हिवाळ्यात तिकडेच गेला होता ना. करीन पोचली, मी ओरडून सांगितलं तशी तिची गाडी वळवून दुसऱ्या बाजूला. ती गाडीतून उतरलीसुद्धा नाही. काचेतून माझ्याकडे फक्त पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी फोनपाशी थांबायचं असं ठरलं. पोलिसांच्या ऑफिसातली मुलगी गोड आवाजात विचारत होती. अंगावर काय होतं? उंची किती? चालतो कसा? मी खिडकीत उभी राहून सांगत होते, लाल चौकड्यांचा कोट, कानटोपी, डाव्या पायानं जरा फरफटत. घड्याळात तीन वाजत आले होते. चारला सूर्य जातो. सूर्य गेल्यावर उणे पस्तीस. मला आकडे दिसत होते आणि त्याचे पाय दिसत होते.

"घराभोवती काही वेगळं दिसतंय का?" तिनं विचारलं. "नेहमीपेक्षा निराळं, काहीही?"

मी बाहेर पाहिलं. लाकडांची रास. गाडी. तळं. सौनेच्या धुराड्यातून सरळ वर जाणारा धूर. पलीकडे वेइकोच्या सौनेचा धूर, त्याच्या पलीकडे शेजारच्या लेहटोंच्या सौनेचा.

"नाही," मी म्हटलं. "सगळं नेहमीसारखंच आहे."

फोन ठेवला. वेइको परत आला होता, मिशीवर बर्फ. वेइको गप्प असलेला मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिला. त्याच्या मागोमाग करीन आत आली आणि तशीच बुटांसकट स्वयंपाकघरात उभी राहिली.

"काहीच नाही दिसलं," ती म्हणाली. "आई, मी लेहटोंनाही विचारलं. ते म्हणाले, आम्ही सौना पेटवत होतो, लक्ष नव्हतं."

सौना पेटवत होतो. मी पुन्हा खिडकीकडे पाहिलं.

"वेइको," मी म्हटलं, "आमची सौना तू पेटवलीस ना सकाळी?"

"मी? नाही. मी फक्त वाट काढली. मला वाटलं तू पेटवलीस."

"मी तर पाव भाजतेय."

तिघंही त्या धुराकडे बघत राहिलो. शनिवारी सौनेचा धूर! आमच्या गावात शनिवारी तो धूर कुणाला दिसतच नाही. नसता तर चटकन नजरेत आलं असतं. तासभर तो माझ्या डोळ्यांसमोर वर चढत होता आणि मी त्या पोरीला सांगत होते, सगळं नेहमीसारखं आहे. गाढव मी गाढव!

एक्काहत्तर वर्षांची बाई बर्फावरून कशी धावते ते बघायचं असेल तर तेव्हा तिथं असायला हवं होतं. दोनदा पडले. करीन मला उचलायला थांबली तर तिच्यावरच ओरडले, "पुढे हो!" पण पोचले मीच आधी. निळ्या दारासमोर बर्फ तुडवलेला होता. मी दार ढकललं.

कोट खिळ्याला. कानटोपी कोटावर. बूट बाकाखाली, टाचा भिंतीला, जशी त्याच्या आईनं शिकवण दिली होती. आतल्या खोलीचं दार उघडलं तर वाफेचा लोट आला आणि वरच्या बाकावर आर्वो, लालबुंद, मांडीवर पंचा.

"दार लावा," तो म्हणाला. "गारठा आत येतोय."

मी रडले. खोटं कशाला सांगू, मोठमोठ्यानं, अगदी भोकाड पसरून रडले, कोटासकट त्या उकाड्यात त्याच्या पायांशी बसून. त्याचे पाय धरले. आठही बोटं गरम होती. एकेक मोजलं मी. करीन दारात उभी राहून हसत होती आणि रडत होती, दोन्ही एकदम. वेइको बाहेरच्या खोलीत कुणाला तरी फोन करून ओरडत होता, "सापडला! सापडला! नागडा बसलाय, पण सापडला!"

"बाबा, तू घरात का नाही आलास?" करीननं विचारलं.

"आलो होतो," आर्वो म्हणाला. "तिथं दुसरेच लोक राहतात. दार भलतंच आहे. लाकडं दिली त्यांना. मग इकडे आपलं दार दिसलं." आणि मग माझ्याकडे वाकून, हळूच, "हेल्वी, कॉफी आहे का?"

कॉफी घेऊन करीनच आली. आम्ही सगळ्यांनीच मग सौना घेतली, पेटलेलीच होती तर. आधी आम्ही दोघी, मग वेइको भावासोबत. वाफेत बसल्यावर करीन तापलेल्या दगडांवर पाणी टाकत राहिली. मी वाट बघत होते. वचन मी दिलं होतं आणि 'आणखी एकदा' आता झालं होतं. मीच म्हटलं, "बोल बाई. मी ऐकते."

"काय बोलू?"

"डुलूथचं."

तिनं तोंडावरून हात फिरवला. "आई, बाबा गेल्या हिवाळ्यात हरवला होता. आज नाही हरवला. आज तो बरोबर आपल्या दाराशी गेला. दारच आपण हलवून ठेवलं होतं." मग पुन्हा पाणी टाकत, "ही खेप मी धरत नाही. पण काडेपेटी उंचावर ठेव. आणि ते दार परत आण."

मी तिच्या ओल्या खांद्यावर डोकं ठेवलं. सोळाव्या वर्षी हिला मी त्या पोच्यावरून काय काय बोलले होते! तेव्हाची माफी मी आत्ता मागितली. ती म्हणाली, "बरं, बघू."

दुसऱ्या दिवशी वेइको हत्यारं घेऊन हजर. आधी त्यानं डोकं लढवून पाहिलं. "फायबरलाच निळा रंग देऊ की. छान बसतो त्यावर रंग. एवढं महागडं दार, हिवाळ्याचं."

"आणि पोचा?"

"हातोडीनं—" म्हणता म्हणता तो थांबला. "नाही. चिरेल."

"आणि आवाज कुठून आणशील?"

त्यानं फायबरवर एकदा ठोकून पाहिलं. ढब. मग बिजागऱ्या काढायला लागला. निळं दार घराला परत आलं, नव्या चौकटीत, चहूबाजूंनी चुंबकाची पट्टी लावून. पट्टी बसवताना त्याचं तोंड बघण्यासारखं होतं. "म्हणालो नव्हतो? स्टीलला चुंबक लागतो." आता महिनाभर तरी हे ऐकावं लागणार होतं. पण बसतो आता खटका. चौकट जुनी झाली होती, दार नव्हे. हे आधी कुणी सांगितलं असतं तर! आणि सगळ्या परगण्यातलं सगळ्यात महागडं दार आमच्या सौनेला आहे, ओकच्या रेघारेघांचं. मार्लिस मुद्दाम बघायला आली, पोट धरून हसली आणि म्हणाली, "हेल्वी, हिम धरत नाही ना पण?" मी तिला वाफेत कोंडून ठेवणार होते.

निळं दार हिम धरतं. पट्टीनं कमी झालं, पण धरतंच, मार्लिस म्हणाली तसं, कडेकडेनं. सकाळी मी लोणी लावायच्या सुरीनं बिजागऱ्या खरवडते, खाली फडकं अंथरते. पायांना गार वारा लागतो. लागू दे. मोजे आहेत मला.

काल उणे चौतीस होतं. मी अशीच सुरी घेऊन गुडघ्यांवर बसले होते. बाहेर लाकडं पडल्याचा आवाज झाला, मग काही नाही, मग आणखी काही नाही. मी सुरी बिजागरीवरच धरून ठेवली. आणि माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर, पत्र्याच्या पलीकडून, ठण, ठण.

मी सुरी टाकली आणि कॉफी ओतायला उठले.